दगडी मोरीवर लाल फुली मारणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जुन्या गोकाक कालव्यावरच्या कामांचा निर्णय ज्यांच्या सहीने होतो त्या अधिकाऱ्यांस, आणि ज्यांच्या शब्दाने तो बदलू शकतो त्या लोकप्रतिनिधींस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या वितरिकेच्या, म्हणजे मुख्य कालव्यातून फुटणाऱ्या लहान कालव्याच्या, तोंडाजवळ ओढ्यावरून पाणी पलीकडे नेणारी तीन कमानींची दगडी मोरी आहे. तिच्या मधल्या कमानीवर सध्या लाल रंगाची ठसठशीत फुली आहे. पाणीवापर संघाच्या बैठकीत आम्हाला सांगण्यात आले की येत्या उन्हाळ्यात कालवा बंद असेल तेव्हा ही मोरी आणि तिच्यासारखी इतर जुनी दगडी कामे पाडायची, त्या जागी सिमेंटच्या चौकोनी पेट्या बसवायच्या आणि कालव्याला काँक्रीटचे अस्तर करायचे. कारण विचारले तेव्हा उत्तर एका वाक्यात मिळाले: सगळे जुने झाले आहे, म्हणून टोकाला पाणी पोचत नाही.

जुने झाले हे खरे. टोकाला पाणी पोचत नाही हेही खरे. पण या दोन गोष्टींची गाठ कोणी आणि कशावरून मारली, हे बैठकीत कोणी सांगितले नाही. तेच विचारण्यासाठी हे पत्र. त्याची कन्नड प्रत रीतसर कार्यालयात दिली आहे आणि पोचही घेतली आहे, तेव्हा भाषेच्या कारणाने ते बाजूला पडणार नाही अशी आशा आहे.

माझा यात संबंध काय, तो आधी सांगतो. माझे आजोबा गडहिंग्लजकडून गोकाकच्या गिरणीत कामाला आले आणि साठवलेल्या पैशातून कालव्याखाली थोडी जमीन घेतली. ती वितरिकेच्या अगदी शेवटाला आहे. शेवटाला म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. वरच्यांचे भागून उरले तर आमचे. म्हणून टोकाला पाणी यावे ही तळमळ माझी तुमच्याहून कमी असण्याचे कारण नाही. मी स्वतः तंत्रनिकेतनात स्थापत्य शाखेला शिकवून निवृत्त झालो, बेळगावात राहतो, आणि नोकरीत असताना मुलांना याच कालव्यावर आणून शिकवत असे. पुस्तकातली आकृती फळ्यावर काढून जे डोक्यात शिरत नाही ते इथे काठावर उभे केले की दोन मिनिटांत कळते. अस्तराला किंवा सिमेंटला माझा सरसकट विरोध नाही. विरोध आहे तो तपासल्याशिवाय पाडण्याला.

तुमच्यातले तरुण अभियंते बाहेरगावचे असतील, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. 1876 ते 1878 च्या दुष्काळात मुंबई इलाख्याचा हा भाग, म्हणजे बेळगाव, धारवाड आणि तेव्हाचा कलादगी जिल्हा, होरपळून निघाला. 1880 मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि पाटबंधाऱ्यांच्या कामांना जोर चढला. पाणी देण्या-घेण्याचे नियम घालणारा मुंबईचा पाटबंधारे कायदा 1879 चा. पुण्याकडचा निरा डावा कालवा 1885 चा. घटप्रभेवरचा धुपदाळचा बंधारा आणि त्यातून निघणारा गोकाक कालवा हे याच पिढीतले काम, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतले. पुढे 1956 साली जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, घटप्रभा प्रकल्प आला, जुना कालवा लांबवून त्याच्या डाव्या कालव्यात सामावून घेतला गेला, आणि 1970 च्या दशकात वर हिडकलला 51 टीएमसीचे धरण झाले. एवढे सगळे होऊनही कालव्याचे तोंड धुपदाळलाच राहिले. हिडकलमधून सोडलेले पाणी आजही नदीतून धुपदाळला येते आणि तिथूनच कालव्यात वळते. नवा प्रकल्प जुन्याच्या खांद्यावर उभा आहे.

आता ती जागा तिथेच का निवडली, ते पाहू. माझ्या मते या जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीचा सगळ्यात हुशार निर्णय तो आहे. घटप्रभा सह्याद्रीतून, आंबोलीच्या बाजूने निघते. चंदगडकडून ताम्रपर्णी तिला मिळते, आजरा-गडहिंग्लज-संकेश्वर करत हिरण्यकेशी येते. (आजोबा आणि पाणी एकाच वाटेने गोकाकला आले, असे आमच्या घरात गमतीने म्हणतात.) गोकाकला ही नदी 52 मीटर खाली कोसळते. पावसाळ्यात मिरजेपासून हुबळीपर्यंतचे लोक तो धबधबा बघायला येतात, झुलत्या पुलावर फोटो काढतात आणि परत जातात. पण धबधब्याच्या खाली नदी खोल दरीत गेलेली असते. तिथून पाणी उचलून वरच्या रानाला द्यायचे तर त्या काळी ते अशक्यच होते. म्हणून बांधणाऱ्यांनी पाणी धबधब्याच्या वर, धुपदाळलाच अडवले. अडवले म्हणजे साठवण्यासाठी नव्हे, नुसती पातळी वर आणण्यासाठी. डाव्या काठाने पाण्याला वेगळी वाट काढून दिली. नदी खाली गेली, कालवा वरच राहिला. पुढे कालव्याच्या खालच्या अंगाला जेवढे रान आहे, तेवढ्याला पाणी आपोआप उतरते. पंप नाही, वीज नाही, डिझेल नाही. 1880 च्याच दशकात उभ्या राहिलेल्या गोकाकच्या गिरणीने त्याच 52 मीटर उतारावर आपली यंत्रे चालवली. एका धबधब्याचा असा दुहेरी उपयोग करून घेणारी माणसे अडाणी नव्हती, एवढे तरी आपण मान्य करू.

वर राहायचे तर कालव्याला जमिनीच्या समान उंचीच्या रेषेला धरून चालावे लागते. उतार ठेवायचा तो मैलाला फूट-दीड फूट असा. त्याहून कमी ठेवला तर गाळ बसतो, जास्त ठेवला तर तळ खरवडला जातो आणि हातची उंचीही वाया जाते. गाळ बसणार नाही आणि तळही झिजणार नाही असा वेग कोणता, याचे सूत्र केनेडी नावाच्या अभियंत्याने पंजाबातल्या अपर बारी दुआब कालव्यावर निरीक्षणे करून 1895 मध्ये मांडले. आमच्या कालव्याची आखणी त्याच्या आधीची. म्हणजे डंपी लेव्हल (उंचसखलपणा मोजायची दुर्बीण), साखळी, मोजपट्टी आणि अनुभव यांवर ती झाली. आजही सुरुवातीच्या मैलांत काठावरून चालताना उतार डोळ्याला जाणवत नाही, पाण्याला मात्र जाणवतो.

समान उंचीने चालणाऱ्या कालव्याला वाटेतला प्रत्येक ओढा आडवा येतो. ओढा खोल असेल तर कालवा त्याच्यावरून न्यायचा, ओढा उंच असेल तर तो कालव्यावरून न्यायचा, आणि दोघांची पातळी जुळत असेल तर एकाला दुसऱ्याखालून दाबाने काढायचे. आमची तीन कमानींची मोरी पहिल्या प्रकारातली. वर्षाचे नऊ महिने तिच्या खाली शेळ्या बसतात. मग एखाद्या वळवाला वरच्या माळावरून लोंढा येतो, त्यात काटेरी झुडपे, उसाचे पाचट, हल्ली प्लॅस्टिकही येते, आणि तासाभरात सगळे कमानींखालून निघून जाते. कमानींची रुंदी अशीच कोणाच्या मनाला आली म्हणून ठेवलेली नाही. वरच्या पाणलोटातून येणारा मोठ्यातला मोठा लोंढा गृहीत धरून ती ठेवलेली आहे.

इथून माझ्या तक्रारी सुरू होतात.

पहिली आणि मुख्य तक्रार ही की पाणी कुठे हरवते याची मोजणीच झालेली नाही. तोंडाशी किती सुटले, मध्यावर किती राहिले, टोकाला किती आले, हे तीन आकडे कोणी दाखवले नाहीत. मोरी गळते म्हणता, तर तिच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच दिवशी पाणी मोजा. मी गळती नाकारत नाही. सांध्यांतून पाणी झिरपते, पावलागणिक शेवाळही आहे. पण माझ्या डोळ्यांना दिसणारी कारणे वेगळी आहेत. वितरिकेत गुडघाभर गाळ आहे आणि त्यात पाणकणीस माजले आहे. तो काढल्याचे मला आठवत नाही, बिले निघाली असतील तर माहीत नाही. वरच्या दाराचे फिरवायचे चक्र जागेवर नाही, त्यामुळे दार अर्धवट उघडे राहते ते राहतेच. काठावर रांगेने पाणी उपसणाऱ्या मोटारी आहेत, आणि रात्री त्यांचा आवाज कोणालाही ऐकू येतो. वरच्या पट्ट्यात ऊस आहे. निम्मे पाणी पहिल्या दोन मैलांत उसाखाली जिरले तर टोकाला ज्वारीपुरतेही उरत नाही. यात दगडाचा काय दोष? उद्या सोन्याची मोरी बांधली तरी तिच्यात पाणी वरूनच यायला हवे ना!

पाण्याची वाटणी हा प्रश्न नवा नाही, आणि त्यावर विचार करणारा माणूसही परका नाही. ज्यांच्या जन्मदिवशी, 15 सप्टेंबरला, तुमच्या कार्यालयात अभियंता दिन साजरा होतो ते विश्वेश्वरय्या पुण्याच्या महाविद्यालयात शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निरा कालव्यावर त्यांनी गट पद्धत आणली. ऊस पाण्याजवळच्यांनीच लावायचा आणि बाकीच्यांनी बघत बसायचे, हे थांबावे म्हणून गावोगाव ठरावीक क्षेत्राचे गट पाडून पाणी द्यायचे, अशी ती योजना. त्यांनी आधी वाटणी पाहिली. तुम्ही फोटोला हार घालता, छान आहे. त्यांच्या पद्धतीने एकदा आमच्या वितरिकेचा हिशोबही मांडा.

दुसरी तक्रार सुरक्षिततेची आहे, आणि ती मी अभियंता म्हणून करतो. बैठकीत जो नकाशा फिरवला गेला त्यात तीन कमानींच्या जागी दोन पेट्या आहेत, आणि दोन्हींची मिळून वाट आजच्या तीन कमानींपेक्षा अरुंद आहे. मी बोटाने दाखवले, तर नकाशा नमुन्यादाखल आहे असे सांगून गुंडाळण्यात आला. जुन्या मुंबई राज्यातल्या पाणलोटांसाठी पुराचा अंदाज बांधायचे क्लॉड इंग्लिस यांचे सूत्र मी वर्षानुवर्षे मुलांकडून घोटून घेतले आहे. इंग्लिस हे पुण्याच्या जलसंशोधन केंद्राचे संचालक होते आणि त्यांचे सूत्र आजही पाठ्यपुस्तकात आहे. ते लावा, नाहीतर तुमचे नवे संगणकी गणित लावा, पण काहीतरी लावा. अरुंद पेटीच्या तोंडाशी पाचट आणि झुडपे अडकली की ओढा मागे तुंबेल, पाणी कालव्याच्या भरावाला लागेल, आणि भराव फुटला तर खालच्या वस्तीत शिरेल. 2019 च्या ऑगस्टमध्ये घटप्रभेने गोकाक शहरात काय केले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. हल्लीचा पाऊस जुन्या पावसासारखा येत नाही. अशा वेळी पाण्याची वाट रुंद करायची सोडून अरुंद करायला निघणे मला समजत नाही.

तिसरी गोष्ट चुन्याची. ही कामे झाली तेव्हा आपल्याकडे सिमेंट बनत नव्हते. पोरबंदरचा कारखाना सुरू व्हायला 1914 साल उजाडले. बांधकाम चुना आणि सुरखीत (विटांच्या भुकटीत), बैलाच्या घाणीवर मळलेल्या. चुन्याचा सांधा थोडा मऊ असतो. दगड हलला तर तो सोसतो, बारीक भेग पडली तर पाण्याबरोबर विरघळलेला चुनाच पुन्हा तिच्यात बसून ती भरत आणतो. अशा सांध्यांवर मागे कधीतरी सिमेंट थापले गेले. आत शिरलेले पाणी आत कोंडले, आणि आता सिमेंटच्या कडेने दगडाचे पापुद्रे सुटत आहेत. तेच पापुद्रे फोटोत दाखवून मोरी मोडकळीला आली असा निष्कर्ष काढला गेला आहे. सुटलेले सिमेंट तासून चुन्याने दरजा भरायला किती खर्च येतो याचे अंदाजपत्रक नव्या पेट्यांच्या अंदाजपत्रकाशेजारी ठेवलेले मला बघायचे आहे.

अस्तराबद्दल थोडक्यात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकले की दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे तुकडे होतात. मध्ये न फुगणाऱ्या मुरमाचा थर द्यावा लागतो. भारतीय मानक 9451 यासाठीच आहे. आमच्याकडच्या निविदेत तो थर धरला आहे का, एवढे सांगा. शिवाय आज कालव्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर खालच्या अंगाच्या विहिरी तरतात. सगळे पाणी पेटीत आणि अस्तरात कोंडल्यावर त्या विहिरींचे काय, याचाही कोणी विचार केलेला दिसत नाही. उलट जिथे जास्त पाण्याने जमिनी चोपण, म्हणजे क्षारांनी नापीक, झाल्या आहेत तिथे अस्तर आधी हवे. कुठे करायचे आणि कुठे नाही, याचा निवाडा जमीन पाहून व्हावा.

शेवटची तक्रार कागदांची. जुने आराखडे मागितले की उत्तर येते, आमच्याकडे नाहीत. नसणारच. हा कालवा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्याने बांधला, आणि त्या खात्याची दप्तरे मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. तिथे एक पत्र लिहिले, एक माणूस पाठवला तर शोध घेता येतो. सीमाप्रश्नावर दोन्ही राज्यांत तावातावाने बोलायला माणसांची कमतरता नाही. मी मराठी आहे, माझीही मते आहेत, ती इथे मांडत नाही. पण फलकावरच्या अक्षरांसाठी जेवढी धावपळ होते तिच्या दहाव्या हिश्श्याने जरी कोणी या कालव्याचे कागद शोधले असते, तरी आज मला हे पत्र लिहावे लागले नसते. कामावर माप घेणाऱ्या मुलांकडे बघून शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी मला विचारले, "काय करूलेत हे?" मला धड सांगता आले नाही, कारण त्या मुलांच्या हातातही जुन्या कामाचा एक कागद नव्हता.

जुने काम चालू ठेवून जपता येते, याची उदाहरणे दूरची नाहीत. हंपीला विजयनगर काळातला तुर्त कालवा अजून शेते भिजवतो. विजयनगरच्या जुन्या कालव्यांच्या सुधारणेचे काम याच राज्याने हाती घेतले. आंध्रातला कर्नूल-कडप्पा कालवा 1863 ते 1870 या काळात शेतीबरोबर नावांची वाहतूक व्हावी म्हणून खणला गेला. नावा गेल्या, पाणी चालू आहे. त्याला आणि आपल्या शेजारच्या मालवण तालुक्यातल्या धामापूर तलावाला 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत घेतले. यादीसाठी काम शंभर वर्षांहून जुने असावे लागते. धुपदाळ आणि गोकाक कालवा त्या अटीत आरामात बसतात. धुपदाळच्या फुगवट्यावर तर पक्षी अभयारण्यही आहे. हिवाळ्यात करकोचे बघायला बाहेरची माणसे येतात, आणि ज्या बंधाऱ्यामुळे ते पाणी तिथे थांबले आहे त्याबद्दल सांगणारा एक साधा फलक त्यांना धड सापडत नाही.

मागण्या अशा.

लाल फुली मारलेले एकही काम मोजणी होईपर्यंत पाडू नये. कालवा चालू असताना तोंड, मध्य आणि टोक इथले पाणी शेतकऱ्यांच्या समक्ष मोजावे आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर कन्नड आणि मराठीत लावावेत. आधी गाळ काढावा, दारे दुरुस्त करावीत, बेकायदा मोटारी उठवाव्यात, आणि एक आवर्तन त्या स्थितीत देऊन बघावे. त्यानंतरही टोक कोरडे राहिले तर मोरीबद्दल बोलू.

ज्या मोऱ्या खरोखर धोक्याच्या ठरतील त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या कामाची पुराची आकडेमोड जाहीर करावी, आणि पाण्याची वाट आजच्यापेक्षा अरुंद नसावी. बाकीच्यांची दुरुस्ती चुन्याने व्हावी. चुन्याचे काम जाणणारे गवंडी अजून आहेत. बदामी-ऐहोळेकडे जुन्या देवळांवर काम केलेली माणसे विचारली तर मिळतील.

पाडायच्या आधी प्रत्येक जुन्या कामाचे मोजमाप, आराखडा आणि छायाचित्रे घ्यावीत. त्यासाठी बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले आनंदाने येतील. मुंबईच्या पुराभिलेखागाराकडे कागदांची मागणी करावी. मैलाचे दगड उपटून कोणाच्या अंगणात कपडे धुवायला जाऊ नयेत. धुपदाळचा बंधारा आणि जुना कालवा यांचा प्रस्ताव सिंचन वारसा यादीसाठी तयार करावा. आणि अस्तराची निविदा काळ्या मातीचा विचार करून पुन्हा तपासावी.

यांतले काय मान्य आणि काय अमान्य, ते कारणांसह लेखी कळवावे. तोंडी आश्वासन नको. कालवा बंद व्हायच्या आधी उत्तर आले नाही तर पाणीवापर संघाच्या वतीने आम्ही वरिष्ठांकडे आणि गरज पडली तर न्यायालयात जाऊ. त्याची तयारी चालू आहे.

मोजणीचा दिवस कळवलात तर लेव्हल, पट्टी आणि वही घेऊन मी सकाळीच हजर राहीन. चहा-नाश्त्याची सोय आमची. येताना वरच्या दाराचे चक्र तेवढे आठवणीने घेऊन या. त्याशिवाय मोजण्याइतके पाणी सोडता येणार नाही.

कळावे,
वितरिकेच्या शेवटाचा एक शेतकरी आणि निवृत्त शिक्षक,
बेळगाव